आपटवही

विमान अजून जमिनीपासून वीस फूट वर होतं, तेव्हाच मी ते उतरवलं.

म्हणजे माझ्या समजुतीनं उतरवलं. नाक हलकेच वर घेतलं, इंजिन मंद केलं आणि तेवीस वर्षांच्या सवयीनं चाकं टेकायची वाट बघत ऐटीत बसलो. चाकं टेकेनात. विमान क्षणभर हवेत ताटकळलं आणि मग धान्याचं पोतं टाकावं तसं खाली आलं. धाड! पुन्हा उडालं. पुन्हा धाड. तिसऱ्यांदा आपटल्यावर त्यालाच कंटाळा आला असावा, ते निमूट पळायला लागलं.

शेजारी फडतरे सर बसले होते. वय एकाहत्तर, डोक्यावर माकडटोपी, मार्च महिन्यातसुद्धा. त्यांनी टोपी सारखी केली आणि विमान थांबल्यावर शांतपणे म्हणाले, "कॅप्टनसाहेब, तुम्ही एकदा उतरलात. विमान तीनदा उतरलं."

"वारा होता," मी म्हणालो.

सरांनी बाहेर बघितलं. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा खांबाला निपचित लोंबत होता.

"असेल," ते म्हणाले. "वहीत लिहा."

मी कॅप्टन उदय राजाध्यक्ष. खांद्यावर चार पट्टे, तेरा हजार तासांचं उड्डाण, आणि विमानतळावर बॅग ओढत चालताना लोक वळून बघतात याची पक्की जाणीव. ही जाणीव त्या काळात जरा अडचणीत होती. माझी विमान कंपनी बुडाली होती आणि मी दोन वर्षं घरी बसलो होतो. छप्पन्नाव्या वर्षी कुठलीही मोठी कंपनी दारात उभं करत नव्हती. शेवटी एका नव्या छोट्या कंपनीनं बोलावलं. त्यांची विमानं नऊ माणसांची, एका इंजिनाची. त्यांनी माझा परवाना चाळला आणि विचारलं, "सर, यात एक इंजिन कुठं आहे?"

नव्हतंच. तरुणपणी परदेशात शिकलो होतो. परत आल्यावर कागद बदलून घेताना दोन इंजिनांची नोंद करून घेतली आणि एका इंजिनाची राहू दिली. पुन्हा त्या खेळण्यात कोण बसणार, असं तेव्हा वाटलं होतं. आता कंपनीची अट होती की एकतीस मार्चच्या आत परवान्यावर एक इंजिन चढवून आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला. माझी बायको सुनीती म्हणाली, "दोन येतात त्याला एक येणार नाही का?" मलाही तसंच वाटत होतं.

म्हणून मी माणदेशातल्या त्या उघड्याबोडक्या माळावर आलो. एक धावपट्टी, पत्र्याचं हँगर, दोन विमानं आणि चहूकडे मेंढ्या. मुंबई-पुण्याजवळचे क्लब मी मुद्दाम टाळले होते, कारण तिथं ओळखीचं कुणीतरी मला खेळण्यात बसलेलं बघणार. या जागेचं नाव मला पूर्वी एका को-पायलटनं सांगितलं होतं. ती इथंच शिकली होती.

तर ती वही. हँगरच्या कोपऱ्यात टेबलावर, सुतळीनं बांधलेलं पेन लटकत असलेली, लांबट जाड वही. पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : आपटवही. आत चार रकाने : तारीख, विमान, नाव, कारण. क्लबचा नियम असा की जो विमान आपटेल त्यानं स्वतःच्या हातानं नोंद करायची आणि खाली सही. सर ती वाचत आणि काही बोलत नसत. पटलं नाही तर कारणाभोवती तांबड्या पेन्सिलीनं गोल काढत, बस.

पहिल्या चार दिवसांत माझ्या नावावर नऊ नोंदी झाल्या. वारा. सीट पुढे सरकत नाही. उन्हाची तिरीप. धावपट्टीजवळ मेंढी. एकदा तर मी लिहिलं, "प्रशिक्षक मध्येच खोकले." नऊच्या नऊ नोंदींभोवती तांबडे गोल. आधीच्या पानांवर कॉलेजातल्या पोरांनी लिहिलेलं दिसे, "नाक उशिरा उचललं", "घाबरलो", "घाई केली". मला त्यांची कीव यायची. कारण देण्यातही काही कौशल्य असतं.

पाचव्या दिवशी सरांनी विमान बाहेरच काढलं नाही. हातात एक पाट घेऊन ते पुढे निघाले. जेवायला बसायचा, पितळी फुल्यांचा, लग्नात मिळतो तसला पाट. धावपट्टीच्या कडेला सिमेंटचा एक कट्टा होता, त्यावर त्यांनी तो मांडला.

"बसा."

"इथं?"

"मांडी घालून. धावपट्टीच्या पार टोकाकडं बघायचं. अर्धा तास."

"सर, मी तेरा हजार तास…"

"तेच तर. तेरा हजार तास तुम्ही दुमजली घराच्या गच्चीवर बसून विमान उतरवलंय. मोठ्या विमानाची चाकं टेकतात तेव्हा तुमचे डोळे पंधरा-सोळा फूट वर असतात. डोळ्यांना तेवढीच जमीन पाठ आहे. तेवढी दिसली की तुमचे हात म्हणतात, आलं घर. घर अजून खाली असतं." त्यांनी कट्ट्यावर हात थोपटला. "आमच्या विमानात डोळे इतक्याच उंचीवर असतात. फूटपट्टी लावून बांधलाय हा. बसा."

बसलो. चार पट्टेवाला कॅप्टन, माळावर, कट्ट्यावर, पाटावर. सर निघून गेले. दहा मिनिटांत मेंढरं आली आणि त्यांच्यामागून ठकूबाई कोळेकर. साठीची बाई, डोक्यावर पदर, हातात काठी. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंचं गवत तिच्या मेंढ्यांचं, असा तिचा आणि क्लबचा जुना समझोता होता.

"काय वो सायेब," ती थांबून म्हणाली, "पाट मांडून बसलायसा, ताट यायचं हाय व्हय?"

"मी विमान शिकतोय."

"आन् इमान कुटंय?"

"आत आहे."

तिनं एकदा हँगरकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "तुमीच का वो रोज वरनं टाकून देताय त्ये?"

त्या दिवसापासून मला परीक्षक दोन झाले. सर काही बोलायचे नाहीत. ठकूबाई मेंढ्यांतून ओरडून निकाल सांगायची. "तीन उड्या!" "आज दोनच!" एकदा नुसतीच "आई आई आई!"

पाटाचा उपयोग होत होता, हे मला कबूल करावंसं वाटत नव्हतं. पण खोड एकटी नव्हती. मोठ्या विमानात कॅप्टन हुकूम सोडतो आणि शेजारचा ते करतो. सहाव्या दिवशी उड्डाण होताच मी सवयीनं गरजलो, "गिअर अप!"

"चाकं पक्की आहेत, साहेब," सर म्हणाले. "वर घ्यायची तर खाली उतरून कापावी लागतील."

मग उतरताना, वेग मोडायला पंखांमागच्या झडपा खाली घ्यायच्या वेळी, म्हणालो, "फ्लॅप्स!" आणि वाट बघत बसलो. काही झालं नाही. सर खिडकीतून बाहेरचं ज्वारीचं पीक न्याहाळत होते.

"सर, फ्लॅप्स."

"कुणाला सांगताय?"

"सवय आहे."

"सोडा ती. या विमानात शेजारी कुणी नाही असं समजा. मी सामान आहे."

मी स्वतः फ्लॅप्स टाकले, स्वतः इंजिन बघितलं, स्वतः रेडिओवर बोललो आणि घामाघूम झालो. त्या दिवशी प्रथमच विमान एकदाच उतरलं. आपटलं, पण एकदाच. मी वहीत लिहिलं, "नाक लवकर उचललं." सरांनी वाचलं आणि पेन्सिल खिशातच ठेवली. मला शाळकरी पोरासारखा आनंद झाला, आणि तसा झाला याचा रागही आला.

आठव्या दिवशी ठकूबाई कट्ट्यापाशी टेकली. पाटावर मी होतोच.

"जमाय लागलं की तुमास्नी," ती म्हणाली. "पर लय दीस घालीवलं. त्या केतकीनं चार दिसांत क्येलं हुतं. जगदाळ्यांची केतकी. तीबी तुमच्यावानी मोट्या इमानावनं आलती. पयल्या दिशी वरनं टाकलं, चवथ्या दिशी लोन्यावानी."

"कोण केतकी?" मी विचारलं. मला चांगलं ठाऊक होतं कोण ते.

"हितलीच शिकल्याली पोर. मोट्या कंपनीत लागली, पेढं वाटलं तिच्या बानं साऱ्या गावात. सा महिन्यांत परत आली. काय झालं ते सांगितलं न्हाई कुणाला." ती उठली. "बोलायचीच न्हाई पोर. नुस्ती पाटावर बसायची."

मी धावपट्टीच्या टोकाकडं बघत राहिलो. अर्धा तास संपला तरी उठलो नाही.

दहाव्या दिवशी दुपारी खराखुरा वारा सुटला. कापडी मोजा आडवा झाला, माळावरची धूळ उठली आणि उड्डाणं बंद. सर जेवायला घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी परीक्षा होती. परीक्षक तेच. मी हँगरमध्ये एकटा, समोर ती वही.

मी पानं मागं उलटत गेलो. सहा वर्षांपूर्वीचा सप्टेंबर सापडायला वेळ लागला नाही. केतकी जगदाळे. तेच नीटनेटकं अक्षर, जे मी एका दुसऱ्या कागदावर पाहिलं होतं. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं :

"उंचावरून टाकलं. हे मात्र मीच केलं."

"मात्र" या शब्दावर माझे डोळे अडकले. सरांनी गोल काढलेला नव्हता.

आता सांगतो. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, किनाऱ्यावरच्या एका विमानतळावर, संध्याकाळी, एकशे चाळीस माणसांचं विमान मी इतक्या जोरात आपटलं होतं की एका आजोबांची कवळी तीन रांगा पुढे गेली. कुणाला खरचटलंही नाही. पण चाकांच्या वरच्या तुळईला चीर गेली आणि विमान तीन आठवडे जागेवर राहिलं. केतकी शेजारी होती, पंचवीस वर्षांची, नोकरीला पाच महिने. "सर, फार वेगानं खाली जातोय," असं तिनं दोनदा म्हटलं होतं. मी दोन्ही वेळा ऐकलं नाही. ते विमान जुन्या धाटणीचं, दोन्ही बाजूंच्या दांड्या एकमेकींना जोडलेल्या. त्यामुळे कुणी ओढली ते यंत्राला कळायची सोय नव्हती. कळायचं ते फॉर्मवरून. फॉर्मवर प्रश्न होता : उतरवताना विमान कोणाच्या हाती होतं?

त्या वर्षी मला प्रशिक्षक व्हायचं होतं. मी लिहिलं, को-पायलट. खाली तिची सही लागत होती.

"तू नवीन आहेस," मी तिला म्हणालो होतो. "फार तर दोन दिवस परत ट्रेनिंगला पाठवतील. माझं मात्र सगळं अडकेल. एक सही आहे फक्त. मी आहे ना."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि सही केली. महिन्याभरात कंपनीनं तिला कायम न करता घरी पाठवलं. मी तेव्हा नव्हतो. प्रशिक्षक व्हायला परदेशी गेलो होतो. तिथं मी "कॉकपिटमधला परस्पर विश्वास" या विषयावर पहिला आलो.

दार वाजलं. फडतरे सर धूळ झटकत आत आले. त्यांनी उघडं पान बघितलं.

"सापडलं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमचा अर्ज आला त्या दिवशीच नाव ओळखलं. तिनं मला सांगितलं होतं, एकदाच. परत कधी नाही."

"मग मला घेतलंत कशाला?"

"शिकवणं माझं काम आहे." त्यांनी माकडटोपी काढून टेबलावर ठेवली. टोपीखाली पूर्ण टक्कल होतं. "आणि खरं सांगू? तुम्ही किती आपटताय ते बघायचं होतं. लई समाधान झालं."

"उद्या सही करणार नाही म्हणा की."

"का नाही? नीट उतरलात तर करणार. वाईट उतरवणाऱ्याला मी सोडत नाही आणि नीट उतरवणाऱ्याला अडवत नाही. बाकीचं तुमचं तुम्ही."

ते एवढंच बोलून विमान झाकायला गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विमान उडवलं. चारशे फुटांवर सरांनी काही न बोलता इंजिन बंद पडल्यागत खेचून घेतलं. मोठ्या विमानात अशा वेळी दुसरं इंजिन असतं, नाक वर ठेवून आरामात चढता येतं, एखादा हुकूम सोडता येतो. इथं मी तोंड उघडलं नाही. नाक खाली ढकललं, समोरचं मोकळं शेत धरलं, आणि उतरणारच इतक्यात सरांनी इंजिन परत दिलं. मग तीन लँडिंग. तिन्ही वेळा चाकं कधी टेकली ते मला आवाजावरूनच कळलं. ठकूबाई काठी वर करून ओरडली, "लोनी!"

सरांनी तिथंच पंखावर कागद ठेवून सही केली, शिक्का मारला. परवान्यावर एक इंजिन चढलं. तारीख एकवीस मार्च. नोकरी माझी झाली होती.

मी हँगरमध्ये गेलो आणि आपटवही उघडली. त्या दिवशी नोंद करण्यासारखं काही नव्हतं. तरी लिहिलं. सहा वर्षांपूर्वीची तारीख. त्या जेटचा नंबर. नाव, उदय राजाध्यक्ष. कारण : "लँडिंग माझं होतं. खोटं लिहिलं." सही केली. फार बरं वाटलं, अगदी देवळातून बाहेर आल्यासारखं.

सरांनी वाचलं. "हे विमान आपल्या क्लबचं आहे?"

"नाही."

"मग इथं कशाला लिहिलंत? ही वही या टेबलावरनं कुठं जात नाही." त्यांनी माझ्या नोंदीभोवती तांबडा गोल काढला आणि खिशातून चिठ्ठी काढून पुढे केली. तिच्यावर फोन नंबर होता.

मी धावपट्टीच्या कडेला जाऊन कट्ट्यावर बसलो, पाटाशिवाय. फोन लावला.

"केतकी? मी राजाध्यक्ष."

"कोण राजाध्यक्ष?"

"कॅप्टन उदय…"

"आवाज आला तेव्हाच ओळखलं, सर. नाव पूर्ण ऐकायचं होतं."

मी सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही आठवलं नाही. "ते लँडिंग माझं होतं," मी म्हणालो.

"मला माहितेय, सर. मी शेजारीच बसले होते."

पलीकडं कुणीतरी विमानाच्या इंधनाबद्दल काही विचारत होतं. ती त्याला उत्तर देऊन परत फोनवर आली. तेव्हा ती हैदराबादला एका चार्टर कंपनीच्या ऑफिसात होती. विमानं वेळेवर सोडायचं काम, चालवायचं नाही. त्या एका कागदामुळे कुठल्याही कंपनीच्या मुलाखतीत ती पहिल्या प्रश्नापुढं जात नव्हती.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मला सोडून बाकी सगळ्यांना सांगा."

"सांगतो. लेखी देतो. फक्त एकतीस तारीख होऊन जाऊ दे, म्हणजे…"

"एकतीसला काय आहे?"

मी सांगितलं. नवी कंपनी, एक इंजिन, दोन वर्षांची बेकारी. सांगताना माझाच आवाज मला चिकट लागला.

"ठीक आहे, सर," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. अजून दहा दिवस."

तिनं आदळआपट केली असती तर मी नक्की एकतीसपर्यंत थांबलो असतो. तिनं मला सवलत दिली आणि तिथंच माझी पंचाईत झाली. मी फोन ठेवला आणि मला स्वतःची मनापासून लाज वाटली. सहा वर्षांत प्रथमच, आणि ती सुद्धा भर दुपारी मेंढ्यांसमोर.

त्याच संध्याकाळी क्लबच्या कॉम्प्युटरवर पत्र टाइप केलं. एक दिल्लीला परवाना कार्यालयाला, एक प्रत जुन्या कंपनीचा कारभार बघणाऱ्यांना, एक केतकीला, एक नव्या कंपनीला. नव्या कंपनीचं उत्तर सर्वात आधी आलं : आपल्या प्रामाणिकपणाचा आदर वाटतो, तूर्त थांबू या. दिल्लीनं मे महिन्यात तीन महिन्यांसाठी परवाना निलंबित केला, नव्या कोऱ्या एका इंजिनासकट. खाली तंबी होती की या काळात विमान चालवल्याचं आढळल्यास परवाना कायमचा रद्द.

सुनीतीला मी सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "सहा वर्षं तू झोपेत सॉरी म्हणतोस. मला वाटायचं, मलाच म्हणतोस."

घरी बसवेना, म्हणून मी माळावर परत गेलो. फडतरे सर म्हणाले, "पाट मोकळाच आहे. नवी पोरं आलीत, त्यांना बसवा त्यावर." मी पोरांना कट्ट्यावर बसवू लागलो आणि फळ्यावर हवामान शिकवू लागलो. विमानाला हात लावत नव्हतो.

जूनमध्ये केतकी आली. तिच्या कागदावरची नोंद बदलली होती आणि एका कंपनीनं तिला परीक्षेला बोलावलं होतं. त्याआधी हात चालता करायला ती इथं आली. जीन्स, खांद्यावर बॅग, केसांत एखाददुसरा पांढरा. एकतिशीतच.

"सर," ती म्हणाली. हसली नाही. मीही नाही.

तिनं फडतरे सरांबरोबर दोन फेऱ्या मारल्या. दोन्ही वेळा विमान इतकं अलगद टेकलं की मेंढ्यांनी माना वर केल्या नाहीत. मग सर खाली उतरले आणि ती खिडकीतून मला म्हणाली, "या, सर. बसा."

"मला बंदी आहे."

"चालवायला बंदी आहे. बसायला नाही."

मी शेजारी बसलो. हात मांडीवर, पाय मागं, सामान. तिनं चक्कर मारली, वळवलं, उतरायला घेतलं. सगळं सुरेख चाललं होतं. मग वीस फुटांवर तिनं शांतपणे नाक उचललं आणि इंजिन मंद केलं.

"केतकी, वर आहे अजून," मी म्हणालो. "केतकी, फार वर आहे!"

दोनदा म्हणालो. तिनं दोन्ही वेळा ऐकलं नाही.

धाड! माझे दात एकमेकांवर आपटले. धाड. धाड. मेंढ्या उधळल्या आणि त्यांच्यातून ठकूबाईचा आवाज आला, "आगं बया, ह्यो तर त्या सायबाचा आपटा!"

हँगरमध्ये केतकीनं वही ओढली. तारीख लिहिली. विमानाचा नंबर लिहिला. नावाच्या रकान्यात त्याच नीटनेटक्या अक्षरात लिहिलं : उदय राजाध्यक्ष.

फडतरे सर मागून वाचत होते. "केतकी, ही नोंद खोटी आहे."

"हो, सर," ती म्हणाली आणि सुतळीला लटकलेलं पेन माझ्यापुढं धरलं.

मी त्या ओळीकडं बघत राहिलो. निलंबन चालू असताना मी विमान उतरवल्याचा लेखी पुरावा, तारखेसकट. कुणी चुगली केली असती, एखाद्या तपासनिसानं वही चाळली असती, तर तेरा हजार तास तिथंच संपले असते. मला भीती वाटली. खरोखर वाटली. मी फडतरे सरांकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"एक सही आहे फक्त, सर," केतकी म्हणाली. "मी आहे ना."

मी पेन घेतलं आणि सही केली. भीती तोंडावर दिसत असणार. केतकी बघत होती आणि मी ती लपवली नाही.

"कारण राहिलं," ती म्हणाली.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, "शेजारी बसलो होतो."

फडतरे सरांनी वही फिरवून घेतली, वाचली, आणि तांबडी पेन्सिल परत खिशात ठेवली.